हळद लागलेली फौज

मला बघायला आले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, स्वयंपाक येतो का म्हणून विचारलं नाही. चालून दाखव म्हणाले नाहीत. "हात पुढं कर," एवढंच म्हणाले. मी केले. त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली, नखांत बसलेली नीळ पाहिली आणि माझ्या बापाला म्हणाले, "पसंत हाय." ज्याच्याशी मला नांदायचं होतं तो त्यांचा मुलगा शेजारी बसून पोहे खात होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

नखांत नीळ असायचं कारण सांगते. आमचं घर निर्मलला, लाकडी खेळणी करणाऱ्या चिताऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. चौथीनंतर माझी शाळा बंद झाली. घरात भावंडांचा गोंधळ, बसायला जागा नाही, म्हणून मी दुपारी शेजारच्या चिताऱ्याच्या ओसरीत जाऊन बसायची. रिकामी बसलेली पोर कोणाला बघवत नाही. त्यांनी हातात कुंचला दिला. लाकडी सीताफळं, पेरू, हरणं. आधी खळ, मग पांढरा हात, मग रंग. मला त्याची हौस होती असं नाही. पण हात स्थिर होता आणि बडबड करायची सवय नव्हती, तेवढं त्या कामाला पुरतं.

सासर निर्मलहून घाट चढून नेरडीगोंड्याकडे जाताना, सडकेपासून आत एका गावात. निजामाचं राज्य होतं. शेती कापसाची आणि ज्वारीची. लग्नानंतर सोळाव्या दिवशी लावतात त्या हळदीचा वास हाताला होता तेव्हाच मामंजींनी मला माजघराच्या मागच्या खोलीत नेलं. तिथे जुनं दार दोन घोड्यांवर आडवं टाकून मेज केलेलं होतं. दारावर ओढ्याची चाळलेली वाळू, वाळूत भुशाच्या लगद्याचं टेकाड, एक सुकलेला ओढा, आणि एका कोपऱ्यात मातीची छोटी विहीर. भिंतीशी गवतात गुंडाळलेल्या टोपल्या. टोपल्यांत बोटाएवढे लाकडी सवार. नुसतं कोरीव काम, रंग नाही. कित्येक टोपल्या.

"एवढे रंगवायचे," मामंजी म्हणाले.

तेव्हा मला कळलं की माझी बोटं काऊन बघितली.

मामंजी निजामाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होते. दफेदार म्हणजे दहाबारा सवारांचा म्होरक्या. मोठ्या लढाईच्या वेळी सरकारनं रिसाला जहाजातून मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, पलीकडे पाठवला, तेव्हा तेही गेले. परत आले ते उजवा हात खांद्यापासून गमावून. त्यांच्या हाताखालचे सवार तिकडेच राहिले, वाळूत. एवढ्यानं गाव काही बोललं नसतं. पण गोळी मागून लागली होती. खांद्याच्या पाठीमागे भोकाचा वण लहान होता आणि पुढच्या बाजूला मोठा. आंघोळीला बसले की कोणालाही दिसे. मागून गोळी लागली म्हणजे माणूस पाठ दाखवून पळत होता, हा हिशेब गावानं केला आणि तो पक्का झाला. बाजारात कोणी ना कोणी म्हणायचाच, "दफेदार, घोड्याचं तोंड कोणत्या बाजूनं बांधत होते वो तुमी?" पोळ्याला बैल उधळला की लोक हसून म्हणायचे, "जाऊ द्या त्याले, रिसाल्यातला दिसून राह्यला."

मामंजींचं म्हणणं एकच होतं. टेकाडावरून त्यांच्या वरच्या अंमलदारानं, रिसालदार साहेबांनी, ओरडून हुकूम दिला, पीछे मुडो. हुकूम ऐकला म्हणून त्यांनी घोडे फिरवले. फिरवले तेव्हाच गोळ्या आल्या. हुकूम मानणाऱ्याला पळपुटा म्हणत नाहीत. पण हे सांगणारे ते एकटेच होते आणि ऐकणारं गाव हसत होतं.

फौज रंगवून मेजावर लढाई खेळायची ही रीत त्यांनी मिसरच्या इस्पितळात पाहिली होती. एक गोरा साहेब पाय मोडून पडला होता, तो शिशाचे शिपाई मांडून दुसऱ्या साहेबाशी खेळायचा. मामंजींना त्यांची भाषा कळत नव्हती, पण खेळ कळला. घरी येऊन त्यांनी तो आपल्या सोयीनं बसवला. सवार एका पाळीत दोन विती चालणार, पायदळ एक वीत. गोळीबाराला कवड्या फेकायच्या, जेवढ्या उताण्या पडतील तेवढे शिपाई आडवे. टेकाडामागे असेल त्याला गोळी लागत नाही. शिसं कुठून आणायचं, म्हणून निर्मलच्या चिताऱ्यांकडून कोरून आणलेलं पोनकीचं लाकूड. ते इतकं हलकं की वारा आला की मोर्चा हलतो.

समोरच्या तुर्की फौजेकडून खेळायला एकच माणूस यायचा. तो पेन्शनीत निघालेला गिरदावर, महसुलाचा फिरता अंमलदार, दम्यानं वाकलेला, तोंडाचा तिखट. मामंजी दुसरी कोणतीच लढाई मांडत नव्हते. तेच टेकाड, तोच ओढा, तीच विहीर, तीच सकाळ. आणि बहुतेक वेळा तेच व्हायचं. गिरदावर म्हणायचा, "दफेदार, आज तरी मले हरवा. रोज जिंकून जिंकून जीव इटला माजा." मामंजी हसायचे नाहीत. आडवे पडलेले आपले सवार उचलून कपड्यानं पुसायचे आणि पुन्हा उभे करायचे.

आणि प्रत्येक खेळानंतर काही ना काही झडायचं. घोड्याचा कान, भाल्याचं टोक, पगडीचा रंग. ते माझ्याकडे.

माणसाच्या अंगरख्याला एवढी बटणं असतात हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. सकाळी शेण, चूल, भाकऱ्या, शेतात डबा, वेचणीच्या दिवसांत कापूस, दुपारी कडेवर पोर घेऊन मी खोलीत बसायची आणि बटणं टिंबवायची. आपल्या लोकांचा खाकी रंग पिवळी माती, काजळ आणि थोडा गेरू मिळून व्हायचा. समोरच्यांचा राखी-निळा सफेद्यात नीळ घालून. सगळे रंग चिंचोक्याच्या खळीत कालवलेले. मामंजी खिडकीजवळ एकेक शिपाई उजेडात धरून बघायचे. "पट्टा उजव्या खांद्यावरून नाही गं, डाव्या." मी सगळे पट्टे खरवडून पुन्हा केले. पुढच्या पावसाळ्यात त्यांना आठवलं की उजव्याच. मी काही बोलले नाही. बोलून पट्टे रंगत नाहीत.

एकदा मी विचारलं, "मामंजी, समोरच्याची बटणं कशाला पाहिजे? ते तर लांबून दिसलेच नसतील तुम्हाला."

"तुले काय ठाऊक," ते म्हणाले. "मेलेले जवळून पाहिले म्या."

मग मी ती बटणं नीट केली.

एका सवाराच्या बाहीवर मी दफेदाराच्या पट्ट्या काढल्या होत्या. ते मामंजी. तसा तो सगळ्यांसारखाच कोरलेला होता, एका साच्यातला म्हणावा असा, फक्त त्या पट्ट्यांनी ओळखू यायचा. रिसालदाराचा घोडा मात्र चिताऱ्यानं वेगळा कोरला होता, मान वर, पुढचा एक पाय उचललेला. तो टेकाडाच्या माथ्यावर उभा राहायचा. तिथून हुकूम.

माझी सासू, आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो, त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. तिच्या मते नवरा एक हात देऊन आला होता, आता अक्कलही तिकडेच ठेवून आल्यासारखा वागत होता. "बायको मेली असती तर एवढी आठवण काढली नसती," म्हणायची. माझ्यावर तिचा राग नव्हता. पण दया आली तरी तिनं माझ्याकडून कुंचला काढून घेतला नाही. खळ मात्र ती शिजवून द्यायची, कारण मी शिजवली की गाठी होतात असं तिचं ठाम मत.

त्या वर्षी पाऊस लांबला. भाद्रपद संपत आला तेव्हा गिरदावर निर्मलहून आला तो धापा टाकत, जिना नसलेल्या घरात जिना चढल्यासारखा. डाक बंगल्यावर त्याला एक म्हातारे रिसालदार साहेब भेटले होते. कोण्या नवाबाच्या शिकारीच्या मंडळींबरोबर उटनूरच्या जंगलात चालले होते. बोलता बोलता मिसरचं निघालं. गिरदावरानं मामंजींचं नाव घेतलं तर साहेबांना आठवलं; मामंजींचे रिसालदार तेच.

"येतो म्हणले," गिरदावर म्हणाला. "दसऱ्याच्या दुपारी. सडकेवर मोटार थांबवतो, एक घोट चहा घेतो, दफेदाराले भेटतो म्हणले."

मामंजींनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "दसऱ्याले सोनं द्यायले सारं गाव येते घरी."

"मंग तर बरंच झालं," गिरदावर म्हणाला. "साऱ्यांपुढं मांडू. साहेब म्हणीन, होय, म्याच हुकूम दिला होता. संपलं. मंग पाहू कोण घोड्याचं तोंड इचारते."

त्या रात्री जेवताना मामंजींनी आत्याबाईलाही ते सांगितलं. असं कधी ते तिला काही सांगत नसत. म्हणाले, "आता खरं होईन माझं." ती भाकरी थापायची थांबली, एवढंच मला आठवतं.

मग माझे हाल सुरू झाले. सगळी फौज नव्यानं रंगवायची, दोन्ही बाजू. जुना रंग खरवडून, पांढरा हात देऊन, मुळापासून. वेचणी अजून लागली नव्हती हे नशीब. माझ्या नवऱ्याला एकदा वाटलं असावं की हे जास्त होतंय. तो म्हणाला, "बाबा, तिले थोडं झोपू द्या." मामंजी म्हणाले, "दसऱ्यानंतर झोपंन." तो शेतावर निघून गेला. मला आठवतं ते डोळ्यांची आग आणि मानेतली कळ. घोड्यांचे पाय मला स्वप्नात दिसायचे, नुसते पाय.

सगळं झालं, फक्त रोगण राहिलं. रोगण म्हणजे जवसाच्या तेलात राळ उकळून करतात तो वरचा चकचकीत थर. तो दिल्यावर रंगाला पाणी लागत नाही. पण रोगण एकदा उकळलं की त्याच दिवशी संपवावं लागतं, नाही तर भांड्यात दगड होतो. म्हणून आमच्याकडे सगळे नग पूर्ण झाल्यावर एकदमच द्यायचे, कडक उन्हात. ऊन तर निघत नव्हतं. आणि राळ कमी पडली. खंडेनवमीच्या आदल्या दुपारी आभाळ उघडलं तसे मामंजी राळ आणायला बैलगाडीनं निर्मलला गेले. उद्या दुपारपर्यंत येतो, आल्याबरोबर उकळू म्हणाले. खंडेनवमीच्या सकाळी मी गोधड्यांचं बोचकं घेऊन ओढ्यावर गेले. दसऱ्याच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुतलं पाहिजे हा आत्याबाईचा नियम.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं पूजेला लागतात. विळे, कोयती, कुऱ्हाडी, तिफणीचे फाळ, पाटा-वरवंटा, तागडी, मामंजींची रिसाल्यातली भाल्याची पाती. आधी सगळं घासून धुवायचं, पाटावर मांडायचं, मग हळदकुंकू, झेंडूची फुलं, ओवाळणी. एकदा पूजेला ठेवलं की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी कोणतंच हत्यार चालवायचं नाही. भाजी चिरायची असेल तर आदल्या दिवशी चिरून ठेवायची.

मी ओल्या गोधड्यांचं ओझं घेऊन परसात आले तेव्हा आत्याबाई पाट मांडून बसली होती. विळे, कोयती, भाल्याची पाती. आणि त्यांच्या पुढे, रांगेत, सगळी फौज. ओली. तिच्या शेजारी घमेलं होतं.

मी गोधड्या तशाच खाली टाकल्या.

तिनं त्यांना आंघोळ घातली होती. एकेकाला घमेल्यात बुडवून, अंगठ्यानं चोळून. मग प्रत्येकाच्या कपाळाला ओली हळद आणि कुंकू. पण कपाळ केवढंसं. हळद पगडीवर गेली, तोंडावर गेली, ओल्या लाकडात उतरली आणि अंगभर पसरली. खाकी धुऊन गेला होता. निळा धुऊन गेला होता. बटणं नव्हती. पट्टे नव्हते. जे राहिलं होतं ते पिवळं. सवार पिवळे, पायदळ पिवळं, घोडे पिवळे. आपले पिवळे, समोरचे पिवळे.

"आत्याबाई," मी म्हणाले, "हे काय केलं तुमी?"

"काऊन? काय झालं?" तिनं फौजेकडे पाहिलं. तिला खरंच दिसत नव्हतं. "भाल्याले ओवाळाचं अन् भाला धरणाऱ्याले नाही? उद्या त्यायची लढाई हाय. हे म्हणले, खरं होईन माझं. मंग म्हटलं यायलेबी पुजावं. धुतल्याबिगर पूजेत कसं ठेवू, तूच सांग."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या शिपायांना हात लावला होता. मी घमेल्याकडे बोट दाखवलं. रिकामं होतं.

"पाणी कुठाय?"

"तुळशीले घातलं."

तुळशीच्या मुळाशी राखी-निळा गाळ बसला होता. तीच माझी मेहनत. मी तिथेच पायरीवर बसले. मला रडू आलं नाही. मला झोप आली. खरं सांगते, अशी झोप मला कधी आली नव्हती.

मामंजी राळ घेऊन आले. परसात उभे राहिले. त्यांनी पाहिलं. मग ते पाटाशी खाली बसले आणि एकेका सवाराकडे वाकून बघायला लागले. बाही शोधत होते. पट्ट्या शोधत होते. सगळ्या बाह्या सारख्या. बराच वेळ शोधलं. त्यांनी हात मात्र लावला नाही, कारण पूजा मांडलेली होती.

"मी कोणता हाय यातला?" त्यांनी मला विचारलं.

"कळत नाही, मामंजी."

आत्याबाईला तेव्हा समजलं. तिचं तोंड उतरलं, पण मागे हटणारी बाई ती नव्हती.

"सूनबाई, बस," मामंजी म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत जेवढं होईन तेवढं रंगव. आपलेच रंगव. नाही तर नुसते समोरचे."

मी उठले. कुंचले शोधले तर खोलीत नव्हते. पाटावर होते. विळ्याच्या शेजारी, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून.

"तेबी हत्यारच हाय," आत्याबाई म्हणाली. "तुजं."

"दे तिले काढून," मामंजी म्हणाले.

"नाही देत. पूजेतलं उचललं तर वर्षभर घरात हत्यार लागते कोणाले ना कोणाले. तुमाले एक हात राह्यला. पोरांचे हातपाय हायेत घरात." ती पाटाआड जाऊन बसली. "काडीले कापूस गुंडाळूनबी नाही. आज काम नाही."

मामंजींनी तिला कधी मारलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. ते उठून मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. तसंही ओलं लाकूड फुगलं होतं. सुकायला किती दिवस लागले असते, वर रंग बसला असता की नाही देव जाणे. हे मी त्यांना सांगितलं नाही. मी गोधड्या वाळत घातल्या आणि त्या दोरीखालीच झोपले. कोणी उठवलं नाही.

दसऱ्याला दुपारी पूजा उतरली आणि थोड्याच वेळात सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला. रिसालदार साहेब उतरले. उंच, गोरेपान, दाढी मेंदीनं लाल, हातात काठी. गाव त्यांच्या मागे घरापर्यंत आलं. आपट्याची पानं द्यायला येणारच होतं, ते थोडं आधी आलं. कोणाच्या हातात आपटा, तेलुगू घरांतल्यांच्या हातात जम्मीची, म्हणजे शमीची, पानं. ओसरी भरली. ज्यांना वर जागा नव्हती ते अंगणात उभे राहिले. मी चहाचे पेले घेऊन माजघराच्या दारात उभी होते, म्हणून मला सगळं दिसलं.

मामंजींनी मेज ओसरीत आणवलं होतं. पिवळी फौज मांडली होती. कोण कुठे हे त्यांना पाठ होतं, रंगाची गरज नव्हती. फक्त स्वतःच्या जागी त्यांनी कोणताही एक सवार उचलून ठेवला.

साहेबांनी चहा खाली ठेवला आणि मेजाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "वोइच जगा है."

"जी, साब."

"ये सब पीले क्यूँ हैं?"

गिरदावर पुढे होऊन म्हणाला, "साब, इनकी घरवाली ने हल्दी लगा दी. शादी है फौज की." लोक हसले. साहेब हसले नाहीत.

"उस दिन भी पता नहीं चलता था कौन अपना, कौन उनका," ते म्हणाले. "इतनी धूल थी. तुम कौनसे हो, दफेदार?"

"इनमें से कोई एक, साब."

मग मामंजींनी मान वर केलेला घोडा टेकाडाच्या माथ्यावर ठेवला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळ्या गावापुढे, मोठ्या आवाजात विचारलं. मला वाटतं त्यांनी ते वाक्य मनात हजारदा घोळवलं असावं, कारण ते अडखळले नाहीत.

"साब, आप यहाँ थे. आपने हुक्म दिया, पीछे मुडो. आपने दिया था ना?"

गिरदावरानं त्याचा दमासुद्धा धरून ठेवला.

साहेबांनी हात पुढे केला. टेकाडावरचा घोडा उचलला. ओढा ओलांडून मागे नेला, आणखी मागे, मेजाच्या कोपऱ्यापर्यंत. मातीच्या विहिरीशी ठेवला.

"मैं यहाँ था," ते म्हणाले. "घोडे को पानी पिला रहा था. मैंने पहले धूल देखी, फिर तुम लोग लौटते दिखे."

"आवाज आपकी थी, साब."

"मेरी नहीं थी, दफेदार. मैं होता तो बोल देता. इस उमर में क्या छुपाना."

मामंजी विहिरीकडे पाहत राहिले. विहीर त्यांनीच केली होती. दरवेळी मांडायचे. तिचा खेळात काहीच उपयोग नव्हता, तरी मांडायचे, कारण ती तिथे होती.

साहेब निघाले. जाता जाता त्यांनी तो घोडा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. म्हणाले, अच्छा बना है, निशानी के वास्ते ले जाऊँ? लाकडाचा एक घोडा, कोणीही दिला असता.

"नहीं साब," मामंजी म्हणाले. "वो वहींच रहेगा. बावडी के पास."

साहेबांनी घोडा विहिरीशी परत ठेवला. सलाम केला. मामंजींनी डाव्या हातानं सलाम केला, कारण दुसरा नव्हता. मोटार गेली.

लोक सोनं द्यायला पुढे आले. सगळ्यांत आधी तो दुकानदार, जो घोड्याचं तोंड सगळ्यांत जास्त वेळा विचारायचा. त्यानं आपट्याची पानं मामंजींच्या हातात ठेवली, वाकून पायाला हात लावला आणि म्हणाला, "दफेदार, तुमी तं साहेबाच्या बी पुढं होते वो. साहेब मागं पाणी पिऊन राह्यला, अन् तुमी पुढं."

"होय की," दुसरा म्हणाला. "मागं तर तोच होता."

एवढ्यावर गावाचा हिशेब फिरला. त्या दिवसापासून कोणी मामंजींना पळपुटा म्हटलं नाही. त्यांना जे हवं होतं ते मिळालं असं गिरदावर म्हणायचा. मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण सगळे गेल्यावर मामंजी मेजाशी बसले होते, आणि मी पेले गोळा करत होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मंग आवाज कोणाचा होता?"

"मला काय माहीत, मामंजी," मी म्हणाले. "मी रंगवणारी."

हा प्रश्न त्यांनी मरेपर्यंत विचारला. जेवताना, गाडीत, एकदा बासरच्या सरस्वतीला नातवाला पहिलं अक्षर गिरवायला घेऊन गेलो होतो तिथे देवळाच्या पायऱ्यांवर बसूनसुद्धा. ज्यांनी तो आवाज ऐकला असता ते सगळे वाळूत. कधी कधी मला वाटतं मामंजीच ओरडले असावेत, आणि कधी वाटतं कोणीच ओरडलं नाही. हे मी त्यांना कधी बोलले नाही. विचारून काही कळणार नव्हतं, आणि माझ्यावर आणखी काम येऊन पडलं असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईनं पूजेतले कुंचले पुसून माझ्या हातात आणून दिले. तिनं माफी मागितली नाही. "घे तुजं हत्यार," म्हणाली. मी मामंजींना विचारलं, "पुन्हा रंगवू का?" ते खिडकीतून बाहेर बघत होते. "राहू दे," म्हणाले. "असेच बरे."

ती फौज पुन्हा कधी मेजावर मांडली गेली नाही. टोपल्यांत गवत घालून माळ्यावर ठेवली. पुढे पोळ्याला पोरं त्यातले घोडे आपल्या लाकडी बैलांना जोडून गल्लीत फिरवायची. घोडे इतके हलके की दोरी ओढली की उलटे पडायचे. मान वर केलेला घोडा तेवढा खिडकीच्या कट्ट्यावर राहिला, शेजारी ती मातीची विहीर. विहीर नंतर कोणाच्या तरी कोपरानं फुटली.

राळ आणून ठेवलीच होती. वाया कशाला घालवायची, म्हणून मी रोगण उकळलं आणि गाडीच्या दांड्यांना, पाळण्याला आणि मेज केलेल्या त्या दाराला दिलं. दार परत चौकटीत बसवलं. त्या हिवाळ्यात मी एकही बटण रंगवलं नाही. दुपारी पोराला कुशीत घेऊन झोपायची.